ताणलेलं दार

"…आणि मग ते दार मोठं केलं कुणी?" माईंनी विचारलं.

प्रद्योत गायधनी ओट्याच्या कडेवर बसला होता. बूटही काढले नव्हते त्याने.

"कुणीच नाही, माई."

"आपोआप वाढलं?"

"तसंच म्हणायचं…"

माईंनी हातातली चिंच फोडली. चिंचोके एका बाजूला, गर दुसऱ्या बाजूला. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. मग प्रद्योतला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं.

सिन्नरच्या पलीकडे एका बोडक्या टेकडीवर माईंचा आश्रम आहे. दोन खोल्या, एक पत्र्याची शेड, कडुनिंब. प्रद्योतचे वडील होते तोवर नेमाने यायचे, खाली बसायचे, फारसं न बोलता उठून जायचे. वडील गेल्यावर प्रद्योत एकदाच आला होता. तेव्हा त्याच्या काखेत लॅपटॉप होता आणि चेहऱ्यावर उजेड.

"माई, आता आम्ही दार आधी कॉम्प्युटरमध्ये बनवतो," तेव्हा तो म्हणाला होता.

"आणि मग?"

"मग ते जगभर जातं."

"दार?"

"दाराचं मॉडेल. जाऊ द्या. ते तुम्हाला कळायचं नाही."

माई हसल्या होत्या. तोही हसला होता.

आज तेच तो त्यांना समजावून सांगत होता, आणि त्याचा आवाज बसला होता.

गायधनींचा कारखाना आगीची दारं बनवतो. इमारतीत आग लागली तर ती एका भागातून दुसऱ्या भागात जाऊ नये म्हणून मध्ये जी जाड लोखंडी दारं असतात, ती. पल्ल्याच्या, म्हणजे झडपेच्या, पोटात न जळणारा भरणा असतो, कडेला एक पट्टी असते. दार तापलं की पट्टी फुगते आणि फट बुजवते. असं दार दोन तास आग अडवून धरतं. तेवढ्यात माणसं बाहेर पडतात.

हल्ली मोठी इमारत आधी कॉम्प्युटरमध्ये उभी राहते. नुसता नकाशा नाही. प्रत्येक पाइप, प्रत्येक खिडकी, प्रत्येक दार तिथे आपापल्या माहितीसकट बसवलेलं असतं. त्याला सगळे 'बिम' म्हणतात. आणि दाराची माहिती कोण देणार? ज्याने दार बनवलं त्याने. त्यानेच आपल्या दाराचं मॉडेल करायचं, त्यात वजन, माप, बिजागऱ्या, आग किती वेळ सोसेल ते भरायचं आणि आर्किटेक्टांसाठी इंटरनेटवर ठेवायचं. त्यांनी उचलायचं आणि आपल्या इमारतीत लावायचं.

आसपासच्या कारखानदारांत हे पहिल्यांदा प्रद्योतने केलं. बाकीचे अजून छापील कॅटलॉग वाटत होते. मोठ्या कामांची बोलावणी त्याला येऊ लागली, कारण आर्किटेक्टच्या हाताशी त्याचंच दार तयार असायचं. मग सभांमधून भाषणं सुरू झाली. 'जो मॉडेलमध्ये नाही, तो बाजारात नाही', असं तो सांगायचा. लोक ते फोनवर टिपून घ्यायचे.

कारखान्यात मात्र तो जायचा कमी झाला.

"आणि मॉडेलमधलं दार ताणता येतं, माई," तो म्हणाला. "ती सोयच असते. आर्किटेक्टने कड धरून ओढली की दार रुंद होतं, उंच होतं. बिजागऱ्या आपोआप वाढतात. वजन आपोआप बदलतं."

"आणि ते दोन तास?"



"ते… तसेच राहतात."

कडुनिंबाखालून एक शेळी आली, त्याच्या बुटाला तोंड लावून निघून गेली. त्याने पाय हलवला नाही.

"दार तपासलं जातं," तो म्हणाला. "भट्टीला खरं दार लावून जाळतात. ज्या मापाचं दार जाळलं, त्या मापाचाच दाखला मिळतो. थोडं इकडेतिकडे चालतं. पण दुप्पट नाही. आमचं एकेरी दार पास झालं तेव्हा मी तिथे होतो. शेवटी शेवटी वरचा कोपरा वाकायला लागला होता. धुराचा एक दोरा निघाला… आणि वेळ संपली. पास. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पण."

"मग?"

"मग शहरातल्या एका दवाखान्याची नवी इमारत झाली. त्यांच्या आयसीयूला मोठं दार हवं होतं. पलंग, मशीन, सिलिंडर, सगळं एकदम बाहेर काढता यायला पाहिजे. आर्किटेक्ट ओढेकर मॅडमनी माझं मॉडेल घेतलं आणि ओढलं. ठेकेदाराची ऑर्डर मॉडेलमधूनच निघाली. कारखान्यात मशीनने त्या मापाने पत्रा कापला. माझ्याच कारखान्यात. दार गेलं, बसलं. कुणी कुणाला काही विचारलं नाही. प्रत्येकाला वाटलं, आधीच्याने बघितलं असेल."

"तुला कधी कळलं?"

"उद्घाटनाला. माझा सत्कार होता."

तो थांबला.

सत्कार झाल्यावर तिथल्या डॉक्टर मोगल त्याला आयसीयू दाखवायला घेऊन गेल्या होत्या. "तुमचं दार बघा," त्या कौतुकाने म्हणाल्या. त्याने वर पाहिलं. दोन पल्ल्यांचं, हात उंचावला तरी वरची कड लागणार नाही असं पांढरंशुभ्र दार. त्यावर त्याच्या नावाची पितळी पट्टी. पट्टीवर 'दोन तास'.

असलं दार त्याने आयुष्यात कधी जाळलं नव्हतं. त्याच्या गळ्यात हार होता. वरच्या कोपऱ्याकडे बघता बघता त्या हाराच्या फुलांचा वास त्याला सोसेना.

"आत माणसं होती का?" माईंनी विचारलं.

"त्या दिवशी नव्हती. आता आहेत."

माईंच्या हातातली चिंच तशीच राहिली.

"ओढेकर मॅडमना मी फोन केला," प्रद्योत घाईघाईने म्हणाला. "त्या म्हणाल्या, मी ओढलं, ते ओढलं गेलं. अडलं असतं तर मी थांबले असते. त्यांचं तरी काय चुकलं? आमच्या सांगळ्यांना सांगितलं. सांगळे म्हणजे माझे भागीदार, वडिलांच्या वेळेपासूनचे. ते म्हणाले, दवाखान्याला आग लागणार कशाला? छताला पाण्याचे फवारे आहेत, घंटा आहेत. गप्प बस."

"मग गप्प बस."

"बसवत नाही, माई! जेवताना गॅस पेटवलेला दिसला की घास उतरत नाही. गाडीत असताना अग्निशमन दलाचा बंब मागून आला तर मला दरदरून घाम फुटतो. तो कुठे वळतो ते बघत मी मागे मागे जातो. परवा दवाखान्याच्या चौकापर्यंत गेलो. तो सरळ निघून गेला. मी तिथेच गाडी लावून…"

तो माईंकडे सरकला.

"मला काहीतरी द्या," तो म्हणाला. "अंगारा द्या. जप सांगा. काहीही."

"कशासाठी?"

"भीती जायला."

"कुणाची?"

"माझी."

माईंनी शांतपणे विचारलं, "आणि तुझी गेली की दार टिकेल?"

…

वारा पडला होता. पत्र्याची शेड तापून कडकड वाजत होती. प्रत्येक आवाजाला प्रद्योत दचकत होता.

"टिकणार नाही, असं तरी तुला ठाऊक आहे का?" माई म्हणाल्या.

"नाही. टिकेलही. कुणाला माहीत?"

"मग तसलंच एक दार कर आणि जाळून बघ."

प्रद्योत पटकन उभा राहिला. मग पुन्हा बसला.

"तेच करता येत नाही, माई."

"का? लोखंड नाही?"

"तसं नाही. जाळलं आणि पडलं, तर मग मला कळेल. आत्ता मला माहीत नाही. उद्या काही झालं तर मी सांगू शकतो, मला माहीत नव्हतं. सांगळे पण हेच म्हणतात. वकिलांनीही…" त्याने ओठ पुसले. "एकदा कळलं की मला ते विसरता येणार नाही."

माईंनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला आहे. कुठल्या डोळ्याने त्या बघताहेत, ते समोरच्याला कळत नाही.

"म्हणजे आगीला नाही भीत तू," त्या म्हणाल्या.



माई उठल्या. चिंचेची परात आत ठेवून आल्या. दारातूनच म्हणाल्या, "जाळशील त्या दिवशी गाडी पाठव. मी येते."

"तुम्ही? तिथे काय करणार तुम्ही?"

"बसेन."

…

दार बनलं. अगदी दवाखान्यात होतं तसंच, त्याच मापाचं, त्याच भरण्याचं. पत्रा कापला जात असताना प्रद्योत मशीनपाशी उभा होता. कामगार एकमेकांकडे बघत होते. मालक इतका वेळ कारखान्यात उभा राहिलेला त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

सांगळे म्हणाले, "पोरखेळ चालवलाय तू. वडील असते तर…"

"वडील असते तर काय, काका?"

सांगळे ऑफिसात निघून गेले. पण चाचणीच्या दिवशी ते गाडीत येऊन बसले. माई मागे बसल्या होत्या. 

प्रयोगशाळा म्हणजे एक उंच गोदाम होतं. एका टोकाला विटांची भट्टी, आणि तिच्या तोंडावर ते दार बसवलेलं. आग दाराच्या पलीकडे लागणार आणि बघणारे अलीकडे राहणार. जमिनीवर पिवळा पट्टा होता. तिथले अधिकारी, कुलथे नावाचे, सगळ्यांना पट्ट्याच्या मागे उभं करत होते.

माईंनी एक स्टूल मागितलं. ते पट्ट्याला चिकटून ठेवलं आणि दाराकडे तोंड करून त्या बसल्या.

"आजी, एवढ्या पुढे नको," कुलथे म्हणाले.

"पट्ट्याच्या आत आहे का मी?"

"नाही. पण…"

"या दारावर काय लिहिलंय?"

कुलथ्यांनी प्रद्योतकडे पाहिलं. प्रद्योत म्हणाला, "दोन तास."

"मग मी दोन तास बसते," माई म्हणाल्या. "हा म्हणेल तेव्हा उठेन."

"मी सांगितलं की सगळ्यांनीच मागे व्हायचं, आजी. इथे माझं चालतं," कुलथे म्हणाले.

"बरं. पण आधी तो म्हणेल."

प्रद्योत पुढे झाला. "माई, तुम्ही मागे बसा. उगाच कशाला…"

माईंनी पदर सावरला. त्यांनी मान वळवली नाही.

भट्टी पेटली.

सुरुवातीला काहीच दिसलं नाही. नुसता घोंगावल्यासारखा आवाज. दार पांढरं, थंड, जागच्या जागी. सांगळे हाताची घडी घालून भिंतीशी उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू सुटकेचा भाव दिसू लागला. "बघ," ते पुटपुटले. "उगाच जीव घेतलास आमचा."

प्रद्योत दाराकडे बघत नव्हता. तो माईंच्या पाठीकडे बघत होता. वाकलेली, लहानशी पाठ. पातळाला मानेखाली ठिगळ होतं. त्या पाठीपलीकडे ते दार उभं होतं, आणि दारापलीकडे आग.

त्याला वाटलं, आताच सांगावं. उठा. पण काय म्हणून सांगणार? दाराला तर काही झालं नव्हतं. आपणच लिहिलंय दोन तास. आपणच पट्टी ठोकलीय. आता सांगितलं तर…

घोंगावणं वाढलं.

मग रंग फुगायला लागला. आधी मध्ये, मग वरच्या बाजूला. पांढऱ्यावर पिवळसर डाग पसरले. पत्रा आतल्या आत टणकन वाजला, आणि त्या आवाजासरशी प्रद्योत एक पाऊल मागे सरला. माई हलल्या नाहीत.

"अजून ठीक आहे," कुलथे म्हणाले.

दोन पल्ले जिथे एकमेकांना भेटतात, तिथे वरच्या टोकाला एक रेघ दिसली. काळी. केसाएवढी. कडेची पट्टी फुगली होती, रेघ बुजवू बघत होती, पण पल्ला मागे ओढला जात होता आणि पट्टी पुरत नव्हती. रेघ बोटाएवढी झाली. त्यातून धूर आला. हा दोरा नव्हता. धूर ओतल्यासारखा येत होता, छताला लागून खाली वळत होता, माईंच्या दिशेने.

माईंना खोकला आला. त्या तशाच बसून राहिल्या.

 प्रद्योतने सांगळ्यांकडे पाहिलं. सांगळ्यांनी डोळे मिटले होते. त्याने कुलथ्यांकडे पाहिलं. कुलथे हातातल्या घड्याळाकडे बघून काहीतरी टिपत होते. त्यांच्यासाठी ते रोजचंच होतं.

फटीत लाल दिसलं.

"उठा!" प्रद्योत ओरडला. "माई, उठा! टिकत नाही ते! उठा!"

तो पुढे धावला, त्याने माईंना दंडाला धरून उठवलं आणि जवळजवळ ओढतच भिंतीपर्यंत नेलं. मागे कुलथे ओरडत होते, भट्टी बंद करायला सांगत होते. दाराच्या वरच्या कोपऱ्यातून जाळ बाहेर आला आणि पत्रा चाटत वर गेला. स्टूल उपडं झालं होतं.

पाऊण तासही झाला नव्हता.

सांगळे भिंतीवरून हलले. गेले, स्टूल उचललं, माईंजवळ आणून ठेवलं. 

प्रद्योतने माईंचे हात धरले होते. "लागलं का? भाजलं का कुठे?"

"नाही."

"मी आधीच सांगायला हवं होतं. तुम्ही स्वतः का नाही उठलात? तुम्हाला दिसत होतं ना!"

माईंना पुन्हा खोकला आला. त्या खोकत राहिल्या, थांबल्या, आणि म्हणाल्या, "मला उठता येतं, प्रद्योत."

…

प्रद्योतच्या डोळ्यांपुढे आयसीयूतले पलंग आले. मग त्याने खिशातून फोन काढला आणि सगळ्यांच्या समोरच लावला.

"डॉक्टर मोगल? प्रद्योत गायधनी बोलतोय. तुमच्या आयसीयूचं दार… ते दोन तास टिकणार नाही. तासभरही नाही. तुम्ही पेशंट दुसरीकडे हलवा. आजच."

पलीकडे मशीनचे बारीक आवाज ऐकू येत होते.

"कधी कळलं तुम्हाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"आत्ता. पाच मिनिटांपूर्वी. आम्ही तसंच दार जाळून बघितलं."

"आणि शंका कधी आली?"

प्रद्योतने माईंकडे पाहिलं. माई जमिनीकडे बघत होत्या.

"उद्घाटनाच्या दिवशी," तो म्हणाला.

 मशीनचे आवाज येत राहिले.

"तेव्हापासून माझी माणसं इथे झोपली आहेत, गायधनी," डॉक्टर म्हणाल्या, आणि त्यांनी फोन ठेवला.

पेशंट त्याच दिवशी जुन्या इमारतीत हलवले गेले. दार काढलं. तिथे मधली भिंत वाढवून लहान मापाची, तपासलेली दारं बसवली. डॉक्टर मोगल त्यानंतर प्रद्योतशी एक शब्द बोलल्या नाहीत. जे काही बोलणं झालं ते दवाखान्याच्या वकिलांमार्फत.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. ज्या सभांमध्ये त्याची भाषणं व्हायची, तिथे आता त्याच्याविषयी भाषणं झाली. दारं बनवणारा दुसरा एक कारखानदार म्हणाला, "एवढं ओरडून सांगायची काय गरज होती? गुपचूप बदलायचं." प्रद्योतला त्याचा राग आला नाही. काही आठवड्यांपूर्वी त्यानेही हेच म्हटलं असतं.

त्याने जुनं मॉडेल इंटरनेटवरून काढून टाकलं. पण लोकांनी आधीच उचललेलं कसं काढणार? ते त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये होतं, त्यांच्या इमारतींमध्ये होतं. ज्यांचे पत्ते मिळाले त्या सगळ्यांना त्याने कळवलं. काहींनी आभार मानले. एकाने शिव्या दिल्या, कारण त्याच्या हॉटेलचा स्लॅब ओतून झाला होता आणि दारांची भोकं सोडून झाली होती. ओढेकर मॅडमनी स्वतःहून फोन केला आणि त्यांच्या ऑफिसने केलेल्या प्रत्येक इमारतीचं मॉडेल पुन्हा उघडून बघितलं. बरेच जण मात्र गप्प राहिले. त्यांनी दार ताणलं होतं की नव्हतं, ते कळायला मार्ग नव्हता.

मग सांगळ्यांना घेऊन तो बसला आणि दोघांनी नवीन मॉडेल करायला घेतलं. हे दारही ओढलं की वाढत होतं. पण तपासलेल्या मापाच्या पुढे गेलं की 'दोन तास' पुसलं जायचं आणि त्या जागी लाल अक्षरात यायचं : चाचणी झालेली नाही.

"असलं दार कोण घेईल?" सांगळे म्हणाले. "शेजारच्याचं दार कितीही ओढलं तरी दोन तास सांगतं. आपलंच काय ते माहीत नाही म्हणणार."

"हो."

"लोक शेजारच्याचं उचलतील."

"उचलतील, काका."

सांगळे थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ते लाल जरा ठळक कर. माझ्यासारख्या म्हाताऱ्याला दिसत नाही."

…

मॉडेल तयार झालं. आता ते फक्त इंटरनेटवर पाठवायचं होतं.

एक दिवस गेला, दुसरा गेला. प्रद्योत प्रत्येक आकडा पुन्हा तपासायचा. वजन, बिजागऱ्या, भरणा, माप. सगळं बरोबर असायचं. तरी पाठवायचं म्हटलं की त्याला वाटायचं, काहीतरी राहिलंय. जे आपल्याला सुचलंच नाही असं काहीतरी. आणि ते कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी इमारतीत, आपण कधी बघणार नाही अशा माणसांच्या आणि आगीच्या मध्ये उभं राहणार.

शेवटी त्याने लॅपटॉप गाडीत टाकला आणि टेकडीवर गेला.

माई शेडमध्ये होत्या. शेळीच्या खुराला काहीतरी लागलं होतं, त्यावर त्या हळद भरत होत्या. त्याने बूट बाहेर काढले, आत जाऊन शेळीचं डोकं धरलं. 

मग तो जमिनीवर बसला आणि लॅपटॉप मांडीवर उघडला.

"झालं, माई. सांगळे बघून गेले. प्रयोगशाळेच्या कुलथ्यांनी बघितलं. ओढेकर मॅडमनी ताणून ताणून बघितलं. कुठे चूक नाही."

"मग?"

"पाठवलं नाही अजून."

"का?"

"भीती गेली नाही. उलट वाढलीय. पूर्वी मला एका दाराची होती. आता सगळ्याच दारांची वाटते." तो थांबला. "आणि ज्यांनी उत्तरच दिलं नाही, त्यांच्या इमारती… त्या कुठे आहेत तेही मला माहीत नाही."

माईंनी हळदीचा हात राखेने घासला.

"हे नाही पाठवलंस तर?"

"तर लोक जुनंच वापरत राहतील. ज्यांच्याकडे आहे ते. नाहीतर दुसऱ्याचं."

"हं."

त्याने बोट बटणापाशी नेलं. दोघांनाही दिसलं. बोट थरथरत होतं. त्याने ते मागे घेतलं, मुठीत धरलं, पुन्हा पुढे नेलं. तेच.

तो खजील होऊन हसला.

"हात बघा माझा. थोडा थांबतो, माई. मन शांत झालं, हात स्थिर झाला, की मग पाठवतो."

माईंनी त्याचं मनगट धरलं नाही, की पाठीवर हातही ठेवला नाही. त्या नुसत्या त्या बोटाकडे बघत राहिल्या.

"नको," त्या म्हणाल्या. "थरथरतोय तोवर पाठव."